लेखी मागा, तारखेसकट

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की ऑटिझम असलेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या कायद्याच्या अडचणी असतील तर लिहून पाठवा, आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, पार शिरूर-भोरपासून इतकी पत्रं आली की सगळी छापणं शक्यच नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, ओळख पटेल असे तपशील बदललेत. उत्तरं मी वकील म्हणून देतेय, पण प्रत्येक घराची केस वेगळी असते, त्यामुळे अर्ज करण्याआधी कागद घेऊन कुणातरी वकिलाला एकदा प्रत्यक्ष भेटाच.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. कोथरूडमधली खाजगी इंग्लिश मीडियम शाळा. ॲडमिशनच्या वेळी ऑटिझम आहे हे सांगितलं होतं. आता म्हणतात शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्याजवळ बसून मदत करणारा माणूस) तुमच्या खर्चाने आणा नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा. शॅडो टीचरचा पगार आम्हाला परवडत नाही. शाळा असं काढू शकते का?

नाही काढू शकत. आणि ताई, सगळ्यात आधी एक गोष्ट करा, म्हणजे करू नका, शाळेत बसून कुठल्याही कागदावर सही करू नका. होतं काय की मीटिंगला बोलावतात, प्रिन्सिपल, काउन्सेलर, क्लासटीचर एका बाजूला आणि आई एकटी दुसऱ्या बाजूला, अर्धा तास मुलाच्या तक्रारी ऐकून आई रडवेली होते आणि मग गोड बोलून एक अर्ज लिहून घेतात की आम्ही वैयक्तिक कारणामुळे दाखला काढून घेत आहोत. तो अर्ज एकदा दिला की कागदोपत्री शाळेने काढलंच नाही, तुम्हीच गेलात! नंतर कितीही भांडा, तो कागद आडवा येतो.

आता कायदा काय म्हणतो ते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, खाजगी विनाअनुदानित शाळेलासुद्धा हे लागू आहे. फक्त अल्पसंख्याक दर्जाच्या शाळा या कायद्यातून बाहेर आहेत, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये तसं ठरवलंय, म्हणून तुमच्या शाळेचा दर्जा काय आहे ते आधी बघून घ्या. पण तशी शाळा असली तरी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ आहेच, त्याचं पण कलम १६च आहे योगायोगाने, आणि ते म्हणतं की सरकारने मान्यता दिलेली प्रत्येक शिक्षणसंस्था भेदभाव न करता प्रवेश देईल, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करेल आणि लागेल तो वैयक्तिक आधार देईल यासाठी सरकारने प्रयत्न करायचे. मान्यता असलेली शाळा म्हटलं की खाजगी शाळा पण आलीच.

शॅडो टीचरबद्दल मात्र खोटी आशा दाखवत नाही. हा शब्द कायद्यात कुठेच नाहीये. खर्च पालकांनी करायचा असंही कुठे नाही आणि शाळेने एका मुलासाठी एक पूर्णवेळ माणूस ठेवलाच पाहिजे असंही थेट लिहिलेलं नाही. वाजवी सोय म्हणजे शाळेवर अवाजवी भार न पडणारी, अशी व्याख्या आहे, तिथे शाळा वाद घालणार हे गृहीत धरा. तुमच्या बाजूने काय आहे, तर सुप्रीम कोर्टाने रजनीश कुमार पांडे या केसमध्ये २०२१ ला सर्वसाधारण शाळांसाठी विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलंय, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. मार्च २०२५ मध्ये परत सगळ्या राज्यांना ही पदं मंजूर करून भरायला सांगितलं. म्हणजे तुम्ही शाळेला विचारायचं की तुमच्याकडे स्पेशल एज्युकेटर आहे का, नसेल तर का नाही, आणि आहे तर माझ्या मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा कुठे आहे. बऱ्याच वेळा हा प्रश्न विचारल्यावर शॅडो टीचरचा विषयच बदलतो, कारण मुलाला अख्खा दिवस माणूस लागतच नसतो, त्याला लागतं ते वेगळंच काहीतरी असतं. पंख्याच्या आवाजापासून लांबची जागा, बाकावर चिकटवलेलं चित्रांचं वेळापत्रक, घंटा व्हायच्या दोन मिनिटं आधी हळू आवाजात सांगणं, प्रार्थनेच्या वेळी लाउडस्पीकरजवळ उभं न करणं, परीक्षा थोडी तोंडी घेणं. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत.

मग करायचं काय, तर त्याच दिवशी रात्री एक मेल टाकायचा. भाषा साधी ठेवा, भांडणाची नको. असं लिहा : 'आज दिनांक अमुक रोजीच्या मीटिंगमध्ये मला सांगण्यात आलं की माझ्या खर्चाने शॅडो टीचर न दिल्यास पुढील वर्षी माझ्या मुलाला शाळेत ठेवणार नाही. मला हे बरोबर समजलं आहे का ते कृपया लेखी कळवावं. माझ्या मुलाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. कायद्याप्रमाणे शाळा त्याच्यासाठी कोणत्या सोयी करणार आहे तेही कळवावं.' बस, एवढंच. खाली तुम्हाला हव्या त्या चार-पाच सोयी लिहा. उत्तर आलं नाही तर तोच मेल प्रिंट काढून शाळेच्या ऑफिसमध्ये द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

पुढची पायरी शिक्षणाधिकारी, मग महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग, आणि राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. आयुक्तालय तर आपल्या पुण्यातच आहे, मुंबईच्या खेपा घालायची गरज नाही, नगर-नाशिकच्या लोकांना इथे यावं लागतं आणि आपल्याला रिक्षा करून जाता येतं तरी किती पुणेकरांना हे ठाऊकच नसतं. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, साक्षीला बोलावू शकतात, कागद मागवू शकतात. तिथे पहिला प्रश्न एकच असतो, शाळेने असं म्हटल्याचा पुरावा काय. म्हणून तो मेल.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे, हडपसरला राहतो. ती बोलते, गाणी म्हणते, एबीसीडी येते. सगळे म्हणतात बोलणाऱ्या मुलांना ऑटिझमचं सर्टिफिकेट मिळत नाही. घरातले म्हणतात काढूच नका, जन्माचा शिक्का बसेल. काय करावं?

दादा, बोलते म्हणून सर्टिफिकेट मिळत नाही हे चुकीचं आहे. ऑटिझमचं मोजमाप ज्या फूटपट्टीने होतं तिला इसा म्हणतात, भारतात बनवलेली चाचणी आहे, चाळीस मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण. एकूण सत्तर किंवा जास्त आले की ऑटिझम धरतात आणि तिथूनच चाळीस टक्के दिव्यांगत्व सुरू होतं. बोलणं हा त्यातला एक भाग झाला. नजर, खेळणं, आवाज-स्पर्श सहन होणं, बदल झाला की होणारा त्रास, लोकांशी वागणं हे सगळं त्यात बघतात. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, मग ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी, आणि पास झालं की सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, येतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. तपासणीच्या खोलीत आईवडील मुलाची बाजू सावरायला जातात. डॉक्टर विचारतात, स्वतः जेवते का? आई पटकन म्हणते हो जेवते की. आणि घरी काय असतं, तर रोज एकाच स्टीलच्या ताटलीत, एकाच कोपऱ्यात, वरण भाताला लागलं तर ताटली फेकून देणार, आणि शेवटी आईच भरवते. परक्या माणसासमोर आपल्या लेकराचं कमी दाखवायला जीव होत नाही, मला ते कळतं, पण त्या खोलीत लपवलेली प्रत्येक गोष्ट गुण कमी करते आणि मग सत्तर गुण होत नाहीत, सर्टिफिकेट अडकतं. आधी पंधरा दिवस एका वहीत लिहून ठेवा काय काय होतं ते, मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ काढून ठेवा, त्रागा करतानाचे पण. निकाल पटला नाही तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं.

शिक्क्याबद्दल घरच्यांना सांगा की कार्ड तुमच्या कपाटात राहतं, तुम्ही दाखवाल तिथेच दिसतं. आणि नसेल तर काय काय जातं ते बघा : त्याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलती, पुढे कॉलेज आणि सरकारी नोकरीतलं आरक्षण, इन्कम टॅक्समध्ये जुन्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर दिव्यांग मुलाच्या खर्चासाठी ८०डीडीची ७५ हजारांची वजावट आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्च पण बसतो आणि विमा घ्यायच्या आधी मेडिकल टेस्ट लागत नाही, तीही या सर्टिफिकेटवरच मिळते. लहान मुलांचं सर्टिफिकेट बऱ्याचदा मुदतीचं असतं, तेवढी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

प्रश्न : मुलगा येत्या दिवाळीत अठरा पूर्ण करेल. बोलत नाही, रोजच्या कामाला मदत लागते. बँकेत गेलो तर म्हणाले की आता तो सज्ञान होणार, तुमच्या सहीने खातं चालणार नाही, कोर्टातून गार्डियनशिप आणा. आम्ही आईवडील असून आम्हालाच मुलाचं पालकत्व मागावं लागणार? - धायरी

हो, मागावं लागतं, आणि हे ऐकून वाईट वाटणं साहजिक आहे. कायद्याने नैसर्गिक पालकत्व अठराव्या वर्षी संपतं, मुलाला मदत कितीही लागत असली तरी. पण कोर्टातच जावं लागेल असं काही नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९, ज्याला आपण नॅशनल ट्रस्ट कायदा म्हणतो, तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी आहे, आणि त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते, सगळे लोकल लेव्हल कमिटी किंवा एलएलसी म्हणतात. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे त्यात असतात. तुम्ही दोघांनी मिळून अर्ज करायचा, जोडीला मुलाचं सर्टिफिकेट, जन्मदाखला, आधार, फोटो, तुमचे कागद. समितीने दिलेलं पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच सांगितलंय. बँकेतल्या साहेबांना माहीत नसेल तर त्यांना सांगा की कोर्टाचाच कागद लागतो हे मला लेखी द्या. बऱ्याचदा लेखी द्यायची वेळ आली की ते वरच्या ऑफिसला फोन करून विचारतात आणि काम होतं.

समितीसमोर काय होतं याची लोकांना फार धास्ती असते म्हणून थोडं सविस्तर सांगते. कोर्टासारखं काही नसतं तिथे. कलेक्टर ऑफिसमधली एक खोली, टेबलाभोवती सातआठ खुर्च्या, बाहेर चार-पाच कुटुंबं थांबलेली. मुलाला बरोबर न्यायचं असतं. वाट बघायला लागते आणि आपल्या मुलांना वाट बघणं जमत नाही, म्हणून त्याची आवडती वस्तू, पाणी, कानावर लावायचे हेडफोन आणि खायचं बरोबर ठेवा, आणि आधी सांगून ठेवा की मुलाला जास्त वेळ थांबता येणार नाही, लवकर नंबर लावा. एकदा मी बाहेर बसले होते तेव्हा आतून एका मुलाला विचारलेलं ऐकू आलं, तुला कुणाबरोबर राहायला आवडतं? तो काही बोलला नाही, वडिलांचा हात धरून त्यांच्या शर्टाचं बटण फिरवत राहिला, आणि समितीतल्या बाईंनी ते तसंच्या तसं नोंदवलं की वडिलांजवळ शांत असतो. मला ते फार योग्य वाटलं. बोलत नाही म्हणजे मत नाही असं कुणी धरू नये.

कारण कायदाच म्हणतो की समितीने दोन गोष्टी बघायच्या, या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर नेमकी कशासाठी. तेव्हा अर्जात सरसकट सगळ्यासाठी असं न लिहिता बँक, औषधोपचार, सरकारी कागद, मालमत्ता असं काय लागतं ते लिहा. मालमत्तेचं पालकत्व मिळालं की सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यायचा. लोक हे विसरतात. आईवडिलांना कसला हिशोब असं म्हणू नका, उद्या चुलत्याने हरकत घेतली तर हेच कागद तुमच्या बाजूने बोलतील. आणि अर्ज दिवाळीपर्यंत थांबून करू नका, कागद आत्तापासून जमवा.

प्रश्न : मी एकवीस वर्षांचा आहे. मला स्वतःला ऑटिझम आहे. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, चिंचवडला राहतो. घरी गार्डियनशिप काढायचं चाललंय. मला गार्डियन नको आहे. मी नाही म्हणू शकतो का? आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूमध्ये ऑटिझम सांगावं लागतं का?

तुला तू म्हणते. तुझं पत्र सगळ्यात आखूड होतं आणि त्यात प्रश्न सगळ्यात स्पष्ट होते.

हो, नाही म्हणू शकतोस. २०१६ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं की दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे, मालमत्ता ठेवता येते, स्वतःचे पैशाचे व्यवहार बघता येतात. ऑटिझमचं निदान म्हणजे मानसिक असमर्थता असं कुठेही लिहिलेलं नाही. करार करायला माणूस त्या वेळी तो व्यवहार समजून स्वतःचा निर्णय घेऊ शकतो का एवढंच बघतात. घरच्यांनी अर्ज केलाच तर समितीला तू स्वतः लिहून दे की मला पालकाची गरज नाही आणि का नाही, माझं बँक खातं मी चालवतो, फी मी भरतो, परीक्षा देतोय. बोलताना अडखळायला होत असेल तर लिहिलेलं वाचून दाखव नाहीतर कागद हातात दे, चालतं.

पण आईबाबांच्या मनात काय आहे ते पण बघ, त्यांना बहुतेक भीती आहे की कुणी फसवून सही घेईल. त्यावर दुसरे मार्ग आहेत. एखाद्या विशिष्ट कामासाठी तू कुणाला मुखत्यारपत्र देऊ शकतोस आणि हवं तेव्हा रद्द करू शकतोस. कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे, त्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो, ठराविक कामासाठी, ठराविक मुदतीसाठी आणि तुझ्या इच्छेप्रमाणे. मोठ्या रकमेच्या व्यवहाराआधी बहिणीला किंवा मावशीला दाखवायचं असं घरातल्या घरात ठरवलं तरी अर्धी काळजी मिटते. हे उत्तर आईबाबांना वाचायला दे. आईबाबा, तुम्हाला पण सांगते, ज्या मुलाला इतकं नीट पत्र लिहिता येतं त्याचे सगळे अधिकार काढून दुसऱ्याच्या हातात देणं त्याच्यावर अन्याय होईल.

इंटरव्ह्यूमध्ये सांगणं बंधनकारक नाही, आरक्षणातून अर्ज केला असेल तर अर्थात सर्टिफिकेट द्यावंच लागेल. सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण आहे, त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुविकलांग या सगळ्यांमध्ये मिळून आहे, हे मला स्वतःला फार कमी वाटतं पण आहे ते हक्काने मागायचं. खाजगीत हिंजवडीच्या मोठ्या कंपन्या धरून वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करून ठेवायचं असतं. ऑफर यायच्या आधी एचआरला मेल टाकून ते मागव. ते वाचून ठरव सांगायचं की नाही. सांगितलंस तर नुसतं मला ऑटिझम आहे एवढ्यावर थांबू नकोस, मला काय लागतं ते सांग, प्रश्न लेखी द्या, पॅनेलमध्ये पाच जण एकदम बोलू नका, ग्रुप डिस्कशनऐवजी कोडिंग टेस्ट घ्या.

कॉलेजच्या परीक्षेला तासाला वीस मिनिटं जादा वेळ किंवा लेखनिक मागता येतो, अर्ज परीक्षा फॉर्मच्या वेळीच कर. चाळीस टक्क्यांपेक्षा कमी सर्टिफिकेट आहे म्हणून नाकारलं तर सुप्रीम कोर्टाचे विकास कुमार आणि अवनी प्रकाश हे दोन्ही २०२१ चे निकाल दाखव, परीक्षेतल्या सोयींना चाळीस टक्क्यांची अट लावता येत नाही असंच त्यात म्हटलंय.

प्रश्न : वय ७४. सदाशिव पेठेत स्वतःचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. नातू ३० वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम). मुलगी त्याला एकटीने सांभाळते, ती सरकारी नोकरीत आहे. पुतण्या म्हणतो फ्लॅट माझ्या नावावर बक्षीसपत्राने द्या, मी जन्मभर बघेन त्याला. माणूस चांगला आहे. देऊ का?

आजी, नका देऊ. माणूस चांगलाच असेल, त्याच्याबद्दल काही म्हणत नाही. पण बक्षीसपत्र झालं की घर त्याचं, उद्या त्याला काही झालं तर ते त्याच्या बायकोमुलांकडे जाणार आणि त्यांनी काही शब्द दिलेला नाही. मी बघेन हा शब्द कोर्टात फार दुबळा असतो.

त्यापेक्षा मृत्युपत्र करा आणि त्यातच नातवासाठी खाजगी न्यास, म्हणजे ट्रस्ट, करा, भारतीय न्यास कायदा १८८२ खाली तसा करता येतो. फ्लॅट न्यासाचा, त्यात आधी मुलगी आणि नातू राहणार, तिच्या पश्चात नातवाला तो असेपर्यंत राहण्याचा हक्क, विकायची वेळ आलीच तर पैसे फक्त त्याच्या देखभालीला. विश्वस्त तीन ठेवा, एक मुलगी, एक पुतण्या, आणि एक घराबाहेरचा, तुमच्या ओळखीचा सीए किंवा वकील. पुतण्याला खरंच करायचं असेल तर त्याला असं आनंदाने चालेल. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. नोंदणी बंधनकारक नाही पण तुम्ही कराच, आणि डॉक्टरांचं तुमची मनस्थिती चांगली असल्याचं सर्टिफिकेट त्याच दिवसाचं जोडा.

मुलगी सरकारी नोकरीत आहे म्हणताय, तर स्वतःच्या पायावर उभं राहू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला फॅमिली पेन्शन हयातभर मिळू शकते, वयाची अट आडवी येत नाही. त्यासाठी त्याचं नाव आणि सर्टिफिकेट तिने नोकरीत असतानाच ऑफिसच्या रेकॉर्डला लावून पोच घ्यायची. आई गेल्यावर हे कागद कोण शोधणार?

अजून एक कागद लिहा, त्याला कायद्याने किंमत नाही पण मी प्रत्येकाला लिहायला लावते. नातवाचं सगळं त्यात लिहायचं. सकाळी उठल्यावर आधी काय करतो, कोणत्या आवाजाला घाबरतो, मिक्सर लावायच्या आधी त्याला सांगावं लागतं का, दहीभात लागतो तो साखरेचा का मिठाचा, दाढी कोण करतं, कुठल्या डॉक्टरांकडे जातो, गोळी कशात घालून देता, चिडला तर कशाने शांत होतो आणि कशाने अजून चिडतो. हे तुम्हा दोघींच्या डोक्यात आहे आणि दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. विश्वस्ताला घर सांभाळता येईल, पण हा कागद नसेल तर नातवाला सांभाळता येणार नाही.

प्रश्न : एकोणीस वर्षांचा मुलगा बसने एकटा वर्कशॉपला जातो, आम्ही खूप मेहनतीने शिकवलंय. मागच्या महिन्यात एका मुलीच्या ओढणीच्या चमकत्या काठाला त्याने हात लावला. लोकांनी मारलं, चौकीत नेलं. मला यायला उशीर झाला, तोपर्यंत त्याच्याकडून माफीनाम्यावर अंगठा घेतला होता. आता त्याला घरीच ठेवू का? - पिंपरी

ताई, वाचून खूप त्रास झाला. घरी ठेवू नका. एवढ्या वर्षांची मेहनत त्या एका दिवसासाठी सोडू नका.

त्या मुलीला भीती वाटली असेल, ते खरं आहे आणि ते आपण नाकारायचं नाही. मुलाला परक्याच्या अंगाला, कपड्याला हात लावायचा नाही हे परत परत शिकवावंच लागेल, चित्रं काढून, बसमध्ये बरोबर बसून. पण मारण्याचा हक्क कुणाला नव्हता. मारहाणीची तक्रार तुम्ही देऊ शकता, २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ मध्ये दिव्यांग व्यक्तीचा अपमान करण्याच्या हेतूने केलेल्या मारहाणीला सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. त्या माफीनाम्याबद्दल पोलीस ठाण्याला लेखी कळवून ठेवा की मुलाला ऑटिझम आहे, त्याला कागदातला मजकूर कळला नव्हता आणि घरचं कुणी हजर नव्हतं. सर्टिफिकेट जोडा, पोच घ्या.

पुढे कधी अशी वेळ आलीच तर : अटक झाली तर घरच्यांना कळवणं आणि वकिलाला भेटू देणं हा हक्क आहे. नुसती चौकशी किंवा साक्ष हवी असेल तर दिव्यांग व्यक्तीला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, हे कलम १७९ मध्ये आहे. मुलींच्या आईवडिलांनी हेही माहीत करून घ्या की दिव्यांग मुलीवर लैंगिक अत्याचार झाला तर तक्रार तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, विशेष शिक्षक किंवा दुभाषा हजर ठेवून आणि व्हिडिओ करून घ्यायची असते.

त्याच्या गळ्यात किंवा खिशात एक लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवा, मराठीत, मोठ्या अक्षरात : मला ऑटिझम आहे, मला अंगाला हात लावू नका, हळू बोला, या नंबरवर फोन करा. आणि जवळच्या चौकीत त्याला घेऊन एकदा स्वतः जाऊन या, गुन्हा वगैरे काही नसताना, नुसती ओळख करून द्यायला. चौकीतल्या दोघातिघांना जरी तो चेहऱ्याने माहीत झाला तरी खूप फरक पडतो.

प्रश्न : हे सगळं वकिलाशिवाय होत नाही आणि वकील परवडत नाही. आम्ही काय करायचं? (असा प्रश्न खूप जणांचा)

दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ आहे त्यासाठी. लहान मुलांना आणि बायकांनाही तशीच मिळते. म्हणजे अर्ज मुलाच्या किंवा आईच्या नावाने करा, उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे कलम सांगा. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, नाहीतर १५१०० या नंबरवर फोन करा, देशभर चालतो. जाताना दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट, आधार, आणि शाळेशी, बँकेशी, पोलिसांशी जो काही पत्रव्यवहार झाला असेल तो तारखेप्रमाणे लावून त्याच्या दोन दोन झेरॉक्स न्या, मूळ कागद कुणालाही देऊ नका. प्राधिकरणाने दिलेला वकील लक्ष देत नसेल तर तिथल्याच सचिवांना अर्ज देऊन बदलून मागता येतो, आणि त्या अर्जाचीही पोच घ्या.